बढती मिळाली, वर्गणी अडली, अर्ज बाद झाला

प्रश्न : मी गोव्यातील एका विद्यापीठात बावीस वर्षे शिक्षकेतर कर्मचारी आहे. चार महिन्यांपूर्वी सेक्शन ऑफिसर म्हणून बढती मिळाली. युनियनच्या सचिवपदासाठी मी अर्ज भरला. छाननीत निवडणूक अधिकाऱ्यांनी तो तोंडी बाद केला. दोन महिन्यांची वर्गणी थकलेली, मी आता 'कामगार' नाही आणि विद्यापीठाची परवानगी घेतलेली नाही, अशी तीन कारणे सांगितली. वर्गणी माझ्या पगारातून कापली जाते. मतदानाला अकरा दिवस आहेत. काय करू? (फोंड्याहून एक वाचक)

उत्तर : पहिली हरकत किरकोळ वाटते, पण अर्ज खरा तिच्यावरच अडू शकतो. म्हणून सुरुवात पे स्लिपपासून करा. बढतीनंतर कर्मचाऱ्याचे नाव एका पगार बिलातून दुसऱ्यात जाते, आणि त्या घाईत कपातीची एखादी ओळ गळून पडते. भविष्य निर्वाह निधी कोणी विसरत नाही, युनियनची वर्गणी मात्र हमखास राहते. त्या दोन महिन्यांच्या पे स्लिपवर वर्गणीची ओळ आहे का, हे स्वतः पाहा. बँकेचे पासबुक इथे उपयोगाचे नाही, त्यात फक्त हातात आलेली रक्कम दिसते.

ओळ असेल तर बाजू भक्कम आहे. तुमच्या लेखी संमतीने पगारातून पैसे कापले गेले. ते युनियनच्या खात्यात उशिरा पोचले असतील, तर तो हिशेब लेखा शाखा आणि युनियनचे खजिनदार यांच्यातला. ओळ नसेल तर थकबाकी खरी आहे. मग आजच रक्कम भरून तारखेची पावती घ्या आणि युनियनच्या घटनेतले (म्हणजे तिच्या नियमावलीतले) थकबाकीचे कलम शब्दन् शब्द वाचा. काही घटनांत 'अर्ज भरण्याच्या दिवशी थकबाकी नसावी' असे असते, तर काहींत थकबाकीदाराला आधी नोटीस देऊन मुदत द्यावी लागते. दुसऱ्या प्रकारात नोटिशीशिवाय अर्ज बाद करता येत नाही. पहिल्या प्रकारात आज भरलेल्या पैशांनी अर्ज वाचेलच असे नाही.

'तुम्ही कामगार नाही' ही हरकत ऐकायला वजनदार, पण इथे लागू पडत नाही. हिचा उगम बहुधा सर्वोच्च न्यायालयाच्या १९८८ च्या सुंदरम्बाळ निकालात असतो. तो खटला गोव्यातलाच, आणि त्यात शिक्षक हे औद्योगिक विवाद कायद्याखालचे कामगार नाहीत असे ठरले. पण तो प्रश्न नोकरीच्या वादाचा होता, संघटनेच्या सभासदत्वाचा नव्हे. औद्योगिक संबंध संहितेत (ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे आणि तिने १९२६ चा कामगार संघटना कायदा रद्द केला) संघटनांच्या प्रकरणापुरता 'कामगार' म्हणजे उद्योगात नोकरीला असलेली प्रत्येक व्यक्ती. एरवी १८,००० रुपयांहून जास्त पगाराचा पर्यवेक्षक 'कामगार' ठरत नाही, पण ती मर्यादा तिथे येत नाही. अडचण एकच असू शकते : तुमच्या युनियनच्या घटनेने स्वतःच अमुक पदापर्यंतच सभासदत्व ठेवले असेल तर.

परवानगीचे काय? केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम १५ कोणत्याही संस्थेतल्या निवडून द्यायच्या पदासाठी पूर्वपरवानगी मागतो. तुमच्या विद्यापीठाने तो स्वीकारला आहे का, ते सेवा नियमांत पाहा आणि असो-नसो, कुलसचिवांना उमेदवारीची लेखी माहिती देऊन आवक शिक्का घ्या. मात्र तो मालक आणि नोकर यांच्यातला मामला आहे. घटनेत तशी अट नसेल, तर निवडणूक अधिकाऱ्यांना त्यावरून अर्ज बाद करता येणार नाही.

आता उद्याचे काम. तोंडी निर्णयाला आव्हान देता येत नाही, म्हणून तो कागदावर आणा : 'माझा सचिवपदाचा अर्ज छाननीत कोणत्या कलमाखाली बाद झाला ते लेखी कळवावे. सोबत पे स्लिप जोडली आहे. मतपत्रिका छापण्यापूर्वी फेरविचार व्हावा.' दोन प्रती काढा, एकीवर सही-तारखेसह पोच घ्या. घेत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट करा. सभासद यादी आणि वर्गणी रजिस्टर पाहण्याची मागणीही त्यातच लिहा. मतदान होऊन गेल्यावर पहिल्यांदाच काढलेल्या हरकतीला फार कोणी जुमानत नाही.

त्याच वेळी युनियनचा नोंदणी दाखला पाहा. इथे पुष्कळजण चुकतात. विद्यापीठातल्या कर्मचारी संघटना कधी कामगार संघटना म्हणून, तर कधी १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली सोसायटी म्हणून नोंदलेल्या असतात. सोसायटी असेल तर दाद दिवाणी न्यायालयात. कामगार संघटना असेल तर निवडणुकीचा वाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जातो, दिवाणी दावा करून वेळ घालवू नका. घटनेची प्रत युनियन देत नसेल, तर पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तालयात चौकशी करा. कामगार संघटनांची नोंदणी करणाऱ्या निबंधकांकडे नोंदलेली घटना असते. पण निवडणूक रद्द करा म्हणून त्यांच्याकडे अर्ज करणे व्यर्थ, ते पदाधिकाऱ्यांतले बदल नोंदवतात, वाद निकाली काढत नाहीत.

न्यायाधिकरणाकडे जाताना सचिवपदाच्या इतर उमेदवारांनाही प्रतिवादी करा. ते राहिले तर पहिल्याच तारखेला तो मुद्दा निघेल. निवडणूकच थांबवा असे मागू नका. सुरू झालेली प्रक्रिया अडवायला न्यायालये सहसा तयार नसतात. नाव मतपत्रिकेत तात्पुरते घालावे, ते जमत नसेल तर सचिवपदाचा निकाल अर्जाच्या निर्णयाच्या अधीन ठेवावा, एवढेच अंतरिम मागणे ठेवा.

उमेदवारीमुळे बदलीपासून संरक्षण मिळते असा एक समज आहे. तसे ते आपोआप मिळत नाही. 'संरक्षित कामगार' हा दर्जा पदाधिकाऱ्यांपैकी मोजक्यांना, मालकाने मान्यता दिल्यावर मिळतो (एकूण कामगारांच्या १ टक्का, किमान ५, कमाल १००), आणि तोही वाद प्रलंबित असतानाच उपयोगी पडतो. म्हणून प्रचार कार्यालयीन वेळेत करू नका, ऑफिसचा ईमेल आणि झेरॉक्स मशीन वापरू नका. बदलीचा आदेश आलाच तर त्याची तारीख अर्ज भरण्याच्या तारखेशेजारी लिहून ठेवा, सूडाच्या कारवाईच्या तक्रारीत तीच पहिली विचारतील.