आकडा जुळला, म्हणजे ढग जुळले?

प्रश्न : हवामानाच्या संगणकी प्रारूपात ढगांनी परतवलेल्या सूर्यप्रकाशाचा आकडा उपग्रहाच्या मोजणीशी जुळला, तर प्रारूपातले ढग बरोबर आहेत असं समजायचं का?

उत्तर : मुळीच नाही. विद्यार्थी असा छान जुळलेला आलेख घेऊन आले, की मी आधी विचारतो, ढग किती जागा व्यापतायत? बऱ्याच प्रारूपांत समुद्रावरचे सखल ढग हवे त्यापेक्षा कमी पसरतात आणि प्रमाणाबाहेर चकचकीत असतात. दोन चुका एकमेकींना झाकतात, बेरीज बरोबर येते!

पृथ्वीवरून अवकाशात जाणारा प्रकाश आणि उष्णता मोजणाऱ्या, उपग्रहांवरच्या सेरीस उपकरणांच्या मोजणीनुसार ढग दर चौरस मीटरला ढोबळमानाने ४५-५० वॅट प्रकाश परतवतात आणि २५-३० वॅट उष्णता अडवतात. पण ही झाली बेरीज. गुणधर्म सुटे करून तपासायला हवेत : व्याप्ती, पाणी, थेंबांचा आकार, माथ्याची उंची. पाणी तेवढंच ठेवून थेंब बारीक केले, तर त्यांचं एकूण पृष्ठफळ वाढतं आणि ढग जास्त उजळतो. वातावरणशास्त्रज्ञ टूमी यांनी हे १९७० च्या दशकातच मांडलं होतं. माथा उंच आणि थंड असेल, तर अवकाशात उष्णता कमी जाते.

जगभरच्या ढगांचा उभा छेद नियमित मिळू लागला तो २००६ साली सोडलेल्या दोन उपग्रहांमुळे : क्लाउडसॅटच्या रडारमुळे आणि कॅलिप्सोच्या लायडरमुळे, म्हणजे लेझरच्या झोतानं मोजणाऱ्या उपकरणामुळे. प्रारूपाची उपग्रहाशी तुलना करताना मात्र सिम्युलेटर ही संगणक-प्रणाली वापराच. उपग्रहाला त्या जागी जे दिसलं असतं, तेवढंच ती प्रारूपातून काढून देते. एरवी जाड ढगाआड दडलेला खालचा ढग प्रारूपात मोजला जातो, वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला तो दिसतच नाही, आणि दोष उगाच प्रारूपाच्या माथी बसतो.