गेलो, जावं लागलं, उठवलं

एका शोधनिबंधासाठी आलेली विचारणा अशी: 'फोर्स्ड', 'व्हॉलंटरी' आणि 'लेबर मायग्रेशन' यांना सक्तीचे, ऐच्छिक आणि श्रमिक स्थलांतर म्हटले तर चालेल का? आणि 'विस्थापन' नेमके कुठे वापरायचे?

चालेल, पण तिन्ही एका रांगेत बसवू नका. पहिले दोन प्रकार मर्जीवरून पाडलेत, तिसरा कामावरून. आंब्यांचे प्रकार कच्चा, पिकलेला आणि हापूस असे सांगितल्यासारखे ते होते. हिंजवडीत संगणकाच्या नोकरीला आलेली नागपूरची मुलगी आणि मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) फेडायला साखर कारखान्यावर ऊस तोडायला गेलेले बीडचे जोडपे, दोघेही कामासाठीच निघालेले. मर्जी मोजायला गेलात तर जमीनअस्मानाचा फरक. (त्या जोडप्याला हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. माणसे दोन, मोजायचे हत्यार.) शिवाय नागपूरच्या मुलीला 'श्रमिक' म्हटलेले मराठी कानाला रुचत नाही, कारण त्या शब्दाला घामाचा वास आहे. म्हणून मी 'रोजगारासाठी स्थलांतर' लिहीन.

आता 'स्थलांतर'. यातले 'अंतर' किलोमीटरचे, असे पुष्कळांना वाटते. ते 'भाषांतर', 'वेषांतर'मधले 'अंतर' आहे, म्हणजे 'दुसरे'. त्यामुळे लक्ष्मी रोडवरच्या बंद शटरवर 'आमचे दुकान समोरच्या गल्लीत स्थलांतरित झाले आहे' ही पाटी व्याकरणाने चोख आहे. हा शब्द गेलेल्याच्या मनाचे काहीच सांगत नाही. जनगणनेला असाच शब्द सोयीचा. २०११च्या मोजणीत देशात असे सुमारे ४५ कोटी लोक निघाले, आणि त्यांतल्या बायकांनी सांगितलेले सर्वांत मोठे कारण होते लग्न. सासरी जाणे ऐच्छिक की सक्तीचे, हा रकाना तिथे नव्हता.

'विस्थापित' मात्र मनातले बोलतो. 'स्था'चे प्रयोजक रूप त्याच्या पोटात आहे: कुणीतरी हलवलेला. म्हणून धरण, रस्ता, दंगल, दरड यांनी घर सोडायला लावले की 'विस्थापन'. मुळशीचा सत्याग्रह १९२१ साली झाला तो धरणात जमिनी जाणार म्हणून. पुढे या लोकांना मराठीने 'धरणग्रस्त' हे नाव दिले. 'ग्रस्' म्हणजे गिळणे, 'खग्रास' ग्रहणातला तोच. गावे पाण्याने गिळली, तेव्हा शब्द अगदी अक्षरशः खरा. खोट इतकीच की गिळणारे धरण होऊन बसते आणि ते बांधणारा वाक्यातून निसटतो. 'पूरग्रस्त' वेगळा: १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटल्यावर कित्येकांनी चिखल उपसून जुन्याच वाड्यात पुन्हा चूल मांडली. ते पूरग्रस्त खरे, पण विस्थापित म्हणायचे ते नव्या वसाहतींत गेलेल्यांना.

'निर्वासित' आणि 'शरणार्थी' यांत गल्लत होते. निर्वासित मागे बघतो, जिथून घालवला तिकडे. शरणार्थी पुढे बघतो, जिथे आसरा मागायचा तिकडे. १९५१च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची सार्थ भीती असलेला आणि देशाची हद्द ओलांडलेला माणूस निर्वासित. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. फाळणीनंतर पिंपरीच्या कॅम्पात आलेले सिंधी नवी हद्द ओलांडून आले, म्हणून रोजच्या मराठीत तेही निर्वासितच. धरणाने उठवलेला मुळशीकर तसा नाही, कारण हद्द त्याने ओलांडलेली नाही.

प्रकार ठरवताना अडलात तर क्रियापद बघा. 'गेलो' म्हणणारा एका टोकाला, 'आम्हाला उठवलं' म्हणणारा दुसऱ्या. मधे 'जावं लागलं' आहे. तिथे भाग पाडणारा कुणी आहे का, हे मराठी सांगतच नाही, आणि पुस्तकांतली भांडणे नेमकी याच क्रियापदावरून आहेत. दुष्काळात विहीर आटली म्हणून निघालेल्याला कुणी ढकलले? कुणीच नाही, आणि राहताही येत नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत गच्चीचे काम चालू होते. घमेली उचलणाऱ्या लातूरकडच्या एक मावशी जिन्यात पाणी प्यायला टेकल्या होत्या. मी, खोड जात नाही म्हणून, विचारले, "मावशी, तुम्ही इकडे कामासाठी आलात का?"

"जगायला आलाव," त्या म्हणाल्या, आणि तांब्या परत दिला.

'जगायला जाणे' हा मराठवाड्यात सर्रास चालणारा वाक्प्रचार आहे. कामही त्यात आले, सक्तीही आली. तुमच्या तीन रकान्यांपैकी कुठल्यात घालायचा ते मला सांगता येत नाही. शोधनिबंधात तळटीप म्हणून जरूर द्या.