एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडच्या खेड्यांत गुन्हे कसले होत आणि पोलीस काय करत?

बरेचसे गुन्हे जमिनीवरून. खंड वाढला, कुळाला हुसकावलं, की रात्री तोंडाला काजळी फासलेली माणसं यायची. आधी दारावर धमकीची चिठ्ठी, खाली सही 'कॅप्टन रॉक'. ऐकलं नाही तर गंजी पेटायची, गुरांना इजा व्हायची, कधी खूनही. हा कॅप्टन कुणी एक माणूस नव्हता, ज्याला गरज पडेल तो ते नाव घ्यायचा. साक्ष द्यायला कुणी पुढे येत नसे. भीती होतीच, पण सरकारी कायदा आपला नाही ही भावनाही तेवढीच खरी होती.

1814 मध्ये आयर्लंडचा कारभार पाहणारा ब्रिटिश मंत्री रॉबर्ट पील याने खास पोलीसदल काढलं. अशांत ठरवलेल्या भागात ते पाठवायचे आणि खर्च तिथल्याच लोकांकडून वसूल करायचे! मग 1822 मध्ये प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, कायमचे पोलीस आले आणि 1836 मध्ये ते डब्लिनमधल्या सरकारच्या हाताखाली गेले. बंदूकधारी, बराकीत राहणारे, शक्यतो स्वतःच्या काउंटीबाहेर नेमलेले. मला तर ते पोलिसांपेक्षा पलटणच वाटतात.

प्रॉटेस्टंट चर्चचा दशांश कर कॅथलिक शेतकऱ्यांनाही भरावा लागे. डिसेंबर 1831 मध्ये किलकेनीतल्या कॅरिकशॉकला त्याच्या नोटिसा बजावणाऱ्या माणसाबरोबर पोलीस निघाले होते. दोन्ही बाजूंना बांध असलेल्या अरुंद वाटेत जमावाने त्यांना गाठलं. दगड, काठ्या, गवत उचलायचे लांब दांड्याचे काटे. डझनाहून जास्त पोलीस मारले गेले.

पुढे ब्रिटिश सेनानी चार्ल्स नेपियरने सिंधमध्ये पोलीस उभे केले, ते याच आयरिश नमुन्यावर.