निवृत्तीनंतर विदर्भातल्या खेड्यात वडिलांचा वेळ कसा जाईल?

तुमचे बाबा नोकरी संपवून गावी परतलेत आणि तिथे क्लब नाही, ही काळजी समजते. पण आधी गावात गुरुदेव सेवा मंडळाची शाखा आहे का ते विचारा. अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीहून तुकडोजी महाराजांनी सुरू केलेली सामुदायिक प्रार्थना आजही कितीतरी गावांत संध्याकाळी होते. खंजिरी भजनाला आवाज चांगला असावाच लागत नाही, टाळ धरला तरी माणूस त्यांच्यातला होतो. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी.

तालुक्याला ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर तिथेही नाव घाला. एसटीत ६५ नंतर अर्धे तिकीट, ७५ नंतर मोफत. उन्हाळ्यात मात्र बैठक सकाळीच.