क्लबहाउसमधला वर्ग का ओस पडतो

तुम्ही लिहिलंय की कोपरखैरण्याच्या तुमच्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या मावश्यांसाठी क्लबहाउसमध्ये साक्षरता वर्ग काढला, प्रत्येकीला अंकलिपी दिली, आणि दोन आठवड्यांत निम्म्या गळाल्या. 'त्यांना आवडच नाही' असं त्यावरून ठरवू नका. ज्यांच्या घरची भांडी घासायची त्याच मॅडम काचेतून डोकावणार, आणि समोर 'अ अननसाचा'! नातवंडं असलेली बाई तिथे का बसेल? वर्ग त्यांच्या वस्तीत न्या. समाजमंदिर, अंगणवाडी, एखादीची खोलीसुद्धा चालते. वेळ त्यांनाच ठरवू द्या, नळाला पाणी कधी येतं ते त्यांनाच ठाऊक.

पहिल्या दिवशी शिकवू नका, काय वाचायचंय ते विचारा. कुणाला फोन कोणाचा आला ते नाव वाचायचं असतं, कुणाला पासबुकातली शिल्लक. ट्रान्स हार्बर लोकलने जाणाऱ्यांना फलाटावरचा गाडीचा इंडिकेटर वाचायचा असतो. तुर्भ्याच्या पुढे एक गाडी वाशीला वळते, दुसरी नेरूळ-पनवेलकडे, आणि दर वेळी शेजारणीला विचारायची लाज वाटते. मग 'वाशी', 'नेरूळ' हेच धड्याचे शब्द. सही येणाऱ्या बऱ्याच जणी ती नुसती चित्रासारखी काढतात. त्याच नावातली अक्षरं सुटी करून दाखवा.

अक्षरांसाठी जुना 'ग म भ न'चा क्रम अजूनही उत्तम. वळणं सारखी, हात लवकर बसतो. तेवढ्याच अक्षरांत 'मन' आणि 'नग' होतात, काना दिला की 'मामा', 'नाना', 'भाग', आणि एक 'क' आला की 'काम', 'मका', 'काका'. पहिल्याच आठवड्यात अख्खा शब्द वाचता आला की बाई टिकते. बाराखडी घोकून घेणारे स्वयंसेवक मला पटत नाहीत, मग ते कितीही तळमळीचे असोत.

वाचताना ती अडली की गप्प बसा. आपल्याला राहवत नाही, आपण शब्द सांगून मोकळे होतो, आणि तिची संधी जाते. बँकेची स्लिपही तिलाच भरू द्या, खाडाखोड झाली तर दुसरी मिळते.

'डोक्यात शिरत नाही' म्हणणाऱ्या कितीतरी जणींना चाळिशी लागलेली असते. वाचायची वेळच आलेली नसते, त्यामुळे ते कळलेलंही नसतं. सुई ओवता येते का, एवढं विचारा. येत नसेल तर आधी डोळे तपासून घ्या.

आकडे मराठी आणि इंग्रजी दोन्ही लागतात, पण सुरुवात मोबाईलवरच्या आकड्यांपासून करा. हिशोब मात्र शिकवायला जाऊ नका, तोंडी हिशोबात त्या तुम्हाला हरवतील.

सरकारी प्रमाणपत्र हवं असेल तर 'उल्लास' म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे (2022 ते 2027). वय 15च्या पुढे काहीही चालतं, स्वयंसेवकाला मानधन नाही, परीक्षा 150 गुणांची, वाचन-लेखन-संख्याज्ञान प्रत्येकी 50. नोंदणीसाठी जवळच्या शाळेत विचारा. पण परीक्षेचं नाव पहिल्याच महिन्यात काढू नका, धास्तीने उरलेल्याही जातील. वयाचा मुद्दा कुणी काढलाच तर आपल्याच जिल्ह्यातल्या, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाचं सांगा. तिथे 2016च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून पाटी घेऊन बसल्या.

आणि मे महिन्यात, गणपतीत वर्ग ओस पडला तर घाबरू नका, सगळ्या गावी गेलेल्या असतात. परतल्यावर निरोप तेवढा धाडा.