प्लेगचे मूळ कागद गावात बसून कसे शोधायचे?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संशोधन प्रकल्पासाठी ‘प्लेग आणि मराठी लेखन : १८९६ ते १९००’ हा विषय घेतला आहे. मार्गदर्शक म्हणतात, मूळ साधनं हवीत, दुसऱ्यांच्या पुस्तकातली अवतरणं चालणार नाहीत. गूगलवर तेच तेच लेख येतात. पुण्या-मुंबईला सारखं जाणं परवडत नाही. विषय बदलू का? आणि बाबा विचारतात, या शोधाशोधीतून पुढे नोकरी कुठली मिळणार?

उत्तर : विषय अजिबात बदलू नकोस. या विषयाची साधनं भरपूर आहेत आणि त्यातली बरीचशी घरी बसून, एक रुपया न देता वाचता येतात. ती तुला सापडत नाहीत, कारण तू आजचा विषय आजच्या शब्दांत शोधते आहेस. ‘प्लेग आणि मराठी लेखन’ या नावाची फाईल १८९७ मध्ये कुणी उघडली नव्हती. डॉक्टर, कलेक्टर, संपादक, मिशनरी यांनी आपापल्या कामापुरतं लिहिलं आणि ते कागद आपापल्या दप्तरात गेले. म्हणून डेटाबेस उघडण्याआधी वहीत लिहून काढ : या घटनेबद्दल लिहिणं कुणाला भाग होतं, आणि तो कागद कुणाच्या टेबलावर गेला असेल?

पुण्याचंच उदाहरण घे. १८९७ च्या पूर्वार्धात ब्रिटिश अधिकारी रँडच्या प्लेग कमिटीने सैनिकांकरवी घरांची झडती सुरू केली. ‘केसरी’ने टीका केली, हे तुला माहीत आहे. पण मे महिन्यात पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या बंदोबस्ताबद्दल ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहिलं होतं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे, सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये केला. परतल्यावर पुरावा देता आला नाही आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. हे प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं, म्हणजे त्याची नोंद ‘हॅन्सार्ड’मध्ये असणार. पार्लमेंटच्या चर्चांचे हे वृत्तान्त १८०३ पासूनचे मोफत वाचता येतात, शब्द टाकून शोधताही येतात. तिथे पुणे असं शोधू नकोस, इंग्रजीत ‘पूना’ टाक आणि वर्ष १८९७ निवड. सोलापूरसाठी ‘शोलापूर’, ठाण्यासाठी ‘ठाणा’. माणसांच्या नावांचीही तीच गत, दोन-तीन स्पेलिंगं करून बघावी लागतात.

सरकारी वैद्यकीय अहवालांसाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ब्रिटिश हिंदुस्थानच्या वैद्यकीय इतिहासाचा संग्रह बघ. लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये मुंबईच्या प्लेग कमिटीच्या कामाचे फोटोही आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल नाव नोंदवून वापरता येतं. तिथे नुसतं ‘प्लेग’ टाकलंस तर नोंदींचा ढीग येईल. होम डिपार्टमेंट, सॅनिटरी शाखा आणि १८९७ अशी चाळणी लावलीस की यादी आवाक्यात येते. १८९८-९९ च्या इंडियन प्लेग कमिशनने घेतलेल्या साक्षीही छापलेल्या आहेत. त्या मात्र वाचच. अहवालाच्या कोरड्या भाषेत जे गाळलं जातं, ते साक्षीतल्या प्रश्नोत्तरांत अनेकदा निसटून आलेलं असतं.

आता मराठी वृत्तपत्रं. इथे खरी मेहनत आहे. ‘केसरी’च्या फायली पुण्याला केसरीवाड्यात आहेत, आणि लोकमान्यांचे लेख संग्रहांतही मिळतात. पण संग्रहात नुसता अग्रलेख असतो. त्याच अंकातली वाचकांची पत्रं, औषधांच्या जाहिराती, गावोगावची बातमीपत्रं त्यात नसतात, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला तीच हवी असतात. सत्यशोधक चळवळीच्या ‘दीनबंधू’ या पत्राचा विचार कर. नारायण मेघाजी लोखंडे हे त्याचे संपादक, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते प्लेगनेच गेले. महिन्याभरात, १० मार्चला, रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. या सत्यशोधक वर्तुळात तेव्हा काय लिहिलं गेलं, हा तुझ्या प्रकल्पाचा गाभा होऊ शकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

अशा पत्रांचे सगळे अंक हाती लागतील असं नाही. त्या काळी सरकारचा एक अनुवादक विभाग दर आठवड्याला देशी वृत्तपत्रांतला मजकूर इंग्रजीत गोषवारून वरिष्ठांकडे पाठवत असे. ‘नेटिव्ह न्यूजपेपर्स रिपोर्ट’ म्हणून हे खंड ओळखले जातात. मूळ अंक नसेल तिथे हा आधार. पण सरकारला ज्याची काळजी वाटली तेच त्यात उतरलं आहे. ओव्या, विनोद, घरगुती सल्ले अनुवादकाने सोडून दिले असणार. म्हणून प्रबंधात ‘दीनबंधूने म्हटलं’ असं लिहू नकोस, ‘सरकारी गोषवाऱ्यानुसार दीनबंधूने म्हटलं’ असं लिही. परीक्षक नेमकं हेच बघतात.

पुस्तकांसाठी शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची हाताशी ठेव, १८०० ते १९३७ चा खंड तुझ्या कामाचा. आणखी एक साधन आहे, ते मराठीचे विद्यार्थी फारसे उघडत नाहीत. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची सरकारदरबारी नोंद सक्तीची झाली आणि मुंबई इलाख्याच्या अशा याद्या दर तीन महिन्यांनी गॅझेटबरोबर निघत. एका ओळीत पुस्तकाचं नाव, लेखक, छापखाना, गाव, पानं, आवृत्ती, किती प्रती काढल्या आणि किंमत किती! प्लेगच्या वर्षांत निघालेले पोवाडे किंवा औषधांच्या चोपड्या तिथे शोध. पुस्तक स्वतः हरवलं असलं, तरी कुठल्या गावात, किती आण्यांना, किती प्रती निघाल्या हे कळणं साहित्याच्या इतिहासात मोठी गोष्ट आहे.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. जुन्या देवनागरी छपाईचं स्कॅन संगणकाला धड वाचता येत नाही, त्यामुळे शोधचौकटीत काही आलं नाही याचा अर्थ मजकूर नाही असा होत नाही. तारीख धरून पान-पान चाळावं लागतं. आणि ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर या विषयाजवळचे पीएच.डी.चे प्रबंध उघडून आधी शेवटची संदर्भसूची वाच. कुठल्या खात्याची, कुठल्या सालची, कितव्या क्रमांकाची फाईल कुणी पाहिली, ते तिथे आयतं मिळतं. कॉलेज ‘एन-लिस्ट’ या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथसेवेचं सदस्य आहे का, तेही ग्रंथपालांना विचार. बऱ्याच कॉलेजांकडे ते असतं आणि मुलांना ठाऊकच नसतं. त्यातून नियतकालिकं आणि ई-पुस्तकं मिळतील. ती दुय्यम साधनं, पण वाट दाखवतात.

एवढं झाल्यावर मुंबईची एक फेरी कर. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे जनरल डिपार्टमेंटचे प्लेगचे खंड मागायचे. जाण्याआधी परवानगी आणि ओळखपत्राचे नियम विचारून घे, मार्गदर्शकांचं पत्र जवळ ठेव, आणि हव्या त्या खंडांची यादी घरूनच करून ने. यादी नसेल तर पहिला दिवस सूची चाळण्यातच जातो.

बाबांसाठी : प्रकल्पाच्या जोरावर थेट नोकरी मिळत नाही, हे मी लपवणार नाही. अभिलेखागारांतल्या जागा मोजक्या आहेत. पण नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची अधिछात्रवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात, आणि पात्रतेनुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा अभिलेख व्यवस्थापनाचा एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. शिवाय मोडी लिपी शिकून घे. राज्याचं पुराभिलेख संचालनालय त्याचे वर्ग घेतं, आणि जमिनीचे जुने कागद वाचून देणाऱ्यांना आजही गावोगाव काम आहे. प्रकाशन संस्था, संग्रहालयं, माहितीपट करणाऱ्या संस्था यांनाही मूळ कागद शोधून तपासून देणारी माणसं लागतात.

या आठवड्यात एवढंच कर : हॅन्सार्ड आणि अभिलेख पटलावरच्या दहा नोंदी काढ. प्रत्येकीपुढे खातं, साल, फाईल क्रमांक, पान आणि तो कागद कुणी कुणाला लिहिला हे मांड, आणि ती वही मार्गदर्शकांना दाखव.