पडणारा इलेक्ट्रॉन आणि १६५ कोटी किलोमीटर

प्रश्न : प्रवेग मिळालेला विद्युत प्रभार प्रारण (विद्युतचुंबकीय लहरी) सोडतो, असं शिकलो. मग वरून सोडलेला इलेक्ट्रॉनही सोडत असणार. पण आइनस्टाइनच्या समतुल्यता तत्त्वानुसार पडणाऱ्याला गुरुत्वाकर्षण जाणवतच नाही, म्हणून सोबत पडणाऱ्याला तो स्थिरच दिसेल. मग खरं काय? — एक वाचक, सांगली

उत्तर : एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत हाच प्रश्न माझ्या वाट्याला आला होता. मी ‘हो, सोडतो’ म्हणालो. ‘आणि समतुल्यता तत्त्वाचं काय?’ यावर मात्र माझी बोबडी वळली. मार्क गेले. उत्तर बरोबर होतं, कारण सांगता आलं नाही.

अंतराळ स्थानक घ्या. साधारण ९२ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतं, म्हणजे सतत पडतच असतं, फक्त जमीन चुकवत. बाहेर आलेल्या अंतराळवीराशेजारी प्रभार दिलेली एक गोळी तरंगतेय. (तिथला विरळ प्लाझ्मा, म्हणजे प्रभारित कणांचा वायू, तूर्त विसरू.) त्याच्या लेखी गोळी जागची हलत नाही. फार लांबून बघणाऱ्याला मात्र तोच प्रभार दर ९२ मिनिटांनी इकडून तिकडे हेलकावे खाताना दिसेल, आणि हेलकावणारा प्रभार म्हणजे अँटेनाच. तिच्या लहरीची लांबी किती? प्रकाश ९२ मिनिटांत कापतो तितकी, सुमारे १६५ कोटी किलोमीटर. सूर्यापासून शनीसुद्धा याहून जवळ आहे! मग हातभर अंतरावरच्या माणसाला ही लहर कळणार कशी?

गोम इथेच आहे. समतुल्यता तत्त्व चालतं ते छोट्या जागेत, थोड्या वेळापुरतं. गोळी छोटी असली तरी तिचं विद्युत क्षेत्र छोटं नाही. पृथ्वीने वाकवलेल्या अवकाश-काळात ते लांबवर पसरलेलं असतं. डिविट आणि ब्रेमी या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६० साली दाखवलं, की या पसाऱ्यामुळे प्रभारित कण बिनप्रभाराच्या कणापेक्षा किंचित वेगळ्या वाटेने पडतो. किंचित म्हणजे अगदीच किंचित.

आणि टेबलावर ठेवलेला प्रभार? समतुल्यता तत्त्वाने पाहिलं, तर टेबल त्याला सतत वर ढकलत, म्हणजे प्रवेग देत असतं. तरी खोलीतल्या माणसासाठी तो प्रारण सोडत नाही. त्याचं क्षेत्र स्थिर आहे, ऊर्जा कुठे वाहत नाही.

तुमच्या इलेक्ट्रॉनकडे येऊ. प्रवेग मिळालेला प्रभार किती शक्ती बाहेर टाकतो हे सांगणाऱ्या, लार्मरच्या १८९७च्या सूत्रात पृथ्वीवर पडतानाचा ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग हा प्रवेग घातला, तर शक्ती येते दशांश चिन्हानंतर ५१ शून्यं आणि मग ५५, इतके वॅट. शून्यं मी दोनदा मोजली. विश्वाच्या वयाएवढा काळ तो याच प्रवेगाने पडत राहिला, तरी दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका फोटॉनपुरती (प्रकाशाच्या एका कणापुरती) ऊर्जा जमणार नाही.